जुन्या कॅसेट संगणकावर आणि सीडीवर घ्यायच्या आहेत: नेमकं कसं?

कुळागर
घरातल्या साठ-सत्तर कॅसेट संगणकावर घ्यायच्या आहेत. निम्म्या विकत घेतलेल्या: नाट्यसंगीत, अभिषेकीबुवा, लोर्नाची कांतारां (कोकणी गाणी), थोडे तियात्र (गोव्यातली कोकणी नाटकं). उरलेल्या घरी भरलेल्या: आकाशवाणी पणजीवरून टेप केलेली भावगीतं, देवळातलं भजन, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) घुमट-आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या चर्मवाद्यावरच्या आरत्या, आजीच्या ओव्या. या दुसऱ्या ढिगाची प्रत आणखी कुठेही नाही.

हाताशी आहे ते असं: आखातातून आलेला डबल डेक (मागे लाइन-आउट, पुढे हेडफोन), एकच गोल सॉकेट असलेला लॅपटॉप आणि यूएसबीवर चालणारा सीडी रायटर. लॅपटॉपला थेट वायर जोडून चालेल, की तो यूएसबीवाला वॉकमन घ्यावा? ऑडॅसिटीत (आवाज भरायच्या प्रोग्राममध्ये) सेटिंग काय ठेवायची? घरातल्या मोठ्यांना तबकडीच हवी आहे, तर ९० मिनिटांची कॅसेट एका सीडीत मावते का? आणि काही कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसते, त्यांचं काय करायचं?

सोलकढी
सत्तर कॅसेट, प्रत्येकी तास-दीड तास, आणि टेप काही घाईने वाजत नाही. अख्ख्या पावसाळ्याची सोय झाली म्हणायची. तज्ज्ञ मंडळी येतीलच, मी चहा घेऊन बसतो.

अंत्रुजी
आधी वायरीचं बघू. लॅपटॉपचं ते एकुलतं सॉकेट हेडफोन आणि माइक मिळून असतं, चार कड्यांच्या पिनेसाठी. त्यात साधी तीन कड्यांची स्टिरिओ पिन घातली की माइकचा संपर्क ग्राउंडला जोडला जातो, लॅपटॉपला वाटतं हेडफोन लागला, आणि रेकॉर्डिंगमध्ये शून्य येतं. अडॅप्टर लावून माइकवाटे आत शिरलात तरी तो एकच चॅनल. शिवाय माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा आणि डेकच्या लाइन-आउटचा अर्ध्या व्होल्टच्या आसपास, त्यामुळे आवाज फाटणार. जुना डेस्कटॉप असेल तर मागचं निळं सॉकेट लाइन-इन असतं, ते वापरा. गुलाबी माइकचं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

लॅपटॉपसाठी लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटचा छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. बेहरिंगर यूसीए २०२ किंवा २२२ या कामाला पुरेसा आहे. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत. कॅसेटला याहून जास्त लागत नाही. बोटाएवढे स्वस्त डोंगल मिळतात त्यांना बहुतेक वेळा फक्त मोनो माइक-इन असतं, त्यात फसू नका.

यूएसबी वॉकमन नकोच. त्याचं फ्लायव्हील (वेग स्थिर ठेवणारं चाक) अगदी हलकं, त्यामुळे वेग सतत थरथरतो. भाषणाला खपून जाईल, पण नाट्यसंगीतात ऑर्गनचा लांब सूर आला की लगेच कळतं. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) नाही, अझिमथ (टेप वाचणाऱ्या हेडचा कोन) कारखान्यातून येईल तसा. तुमचा जुना डेक साफ केला तर त्याच्यापेक्षा कितीतरी बरा वाजेल.

जोडणी लाइन-आउटमधूनच करा. हेडफोनच्या वाटेत व्हॉल्यूम आणि टोनची बटणं येतात, लाइन-आउटच्या येत नाहीत.

घुमट
अंत्रुजींशी सहमत. पण निकालातला मोठा वाटा संगणकाच्या आधीच ठरतो. हेडवर जे आलंच नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. म्हणून डेकवर एक अख्खी संध्याकाळ घालवा.

पहिलं, व्होल्टेज. आखातातून किंवा तारवट्यांनी (बोटीवर काम करणाऱ्यांनी) आणलेल्या सेटवर मागे किंवा तळाशी ११०/१२७/२२०/२४० अशी फिरकी असते. ती २२० किंवा २४० वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी बघा. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेला सेट फक्त १०० व्होल्टचा असतो, त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुसरं, बेल्ट. बरीच वर्षं बंद पडलेल्या डेकचा बेल्ट एकतर सैल होतो, नाहीतर वितळून डांबरासारखा पुलीला चिकटतो. तो चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढायचा, कण राहिला तरी वेग लटपटतो. नवा बेल्ट घेताना जुन्याचं माप धरू नका, तो ताणलेला असतो. बेल्टच्या वाटेवरून दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याच्यापेक्षा साधारण ५ टक्के लहान घ्या. जाडी-रुंदी मूळची: चपट्याच्या जागी चपटा, चौकोनीच्या जागी चौकोनी.

तिसरं, सफाई. कापसाच्या काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल घेऊन हेड, इरेझ हेड आणि कॅपस्टन (ती चकचकीत उभी दांडी) पुसा. कॅपस्टनवर तपकिरी कडं दिसतं तो टेपचा झडलेला ऑक्साइड. तेच कडं वेग बिघडवतं आणि टेप गुंडाळून खातं. पिंच रोलरच्या (टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या चाकाच्या) रबराला अल्कोहोल रोज रोज नको, कोरडं पडून तडकतं. त्याला साबणाचं पाणी, मग नुसतं पाणी, मग कोरडं फडकं. काडी काळी येणं थांबेपर्यंत हे करत राहायचं.

सोलकढी
आयसोप्रोपिल नसेल तर उर्राक (काजूची हलकी दारू) चालेल काय?

घुमट
काजूची फेणी झाली तरी ४२-४३ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. उर्राक त्याच्याही खाली. ते हेडला नाही, हेड साफ करून दमलेल्या माणसाला. आयसोप्रोपिल मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळतं, बाटलीवर टक्केवारी वाचून घ्या. औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं पाणी मागे सोडतं.

बार्देशकर
घुमट बाब, अझिमथबद्दल तुम्ही लिहाल याची वाट बघत होतो. म्हणून आधीच सांगतो: नवख्या माणसाने तो स्क्रू हलवू नये. कारखान्यात लावलेला असतो, वर रंगाचा थेंब टाकून बंद केलेला. एकदा हलला की मूळ जागा सापडत नाही.

घुमट
बाजारातल्या कॅसेट वाजवायच्या असतील तर तुमचं बरोबर. पण धागाकर्त्याचा अर्धा ढीग घरी भरलेला आहे. तो ज्या यंत्रावर भरला त्याचं हेड कुठल्या कोनात होतं, ते आज कोणाला माहीत? भरतानाचा आणि वाजवतानाचा कोन जुळला नाही की सगळ्यात आधी वरचे सूर जातात: झांज, कांसाळें (मोठी झांज), ओव्यांतला ‘स’. मग लोक म्हणतात टेप जुनी झाली. टेप ठीक असते, हेड तिरकं असतं.

पद्धत अशी. डेकच्या कॅसेट-कप्प्याचं झाकण काढलं की हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवाला स्क्रू दिसतो, तो अझिमथचा. दुसऱ्या बाजूचा घट्ट असतो, त्याला हात लावायचा नाही. चुंबक नसलेला छोटा स्क्रूड्रायव्हर घ्या. सुरुवातीला स्क्रूच्या खाचेची दिशा कागदावर काढून ठेवा किंवा फोनने फोटो घ्या, म्हणजे बार्देशकरांची काळजी मिटली. आता दोन्ही चॅनल एकत्र करून, म्हणजे मोनोत, हेडफोनवर ऐका आणि स्क्रू अगदी हळू फिरवा. पाव फेऱ्याच्या आतच आवाज एकदम उघडतो आणि त्या जागेच्या पुढे-मागे पुन्हा दबतो. सगळ्यात उघडा तिथे थांबा. मोनोत ऐकणं महत्त्वाचं, कारण कोन चुकलेला असला की एका चॅनलचा आवाज दुसऱ्याच्या किंचित मागे पडतो आणि बेरीज करताना वरचे सूर एकमेकांना खातात. नुसतं स्टिरिओत ऐकून हा फरक नीट कळत नाही.

ढिगातल्या कॅसेट ज्या यंत्रावर भरल्या त्याप्रमाणे वेगळ्या करा. एका यंत्रावरच्या सगळ्या एका बैठकीत. शेवटी चांगल्या कंपनीची छापील कॅसेट लावून स्क्रू परत जागेवर आणा. ऑटो-रिव्हर्स डेक असेल तर दोन्ही दिशांचा कोन वेगळा असतो. अशा डेकवर उलटी दिशा वापरूच नका, कॅसेट हाताने उलटा.

बार्देशकर
मोनोत ऐकण्याचा मुद्दा मान्य. खाचेची दिशा नोंदवून ठेवणार असाल तर माझी हरकत नाही. तरी पहिला प्रयोग लोर्नावर करा, आजीच्या ओव्यांवर नको.

रापणकार
बुरशीबद्दल कोणीच बोललं नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ८०-९० टक्के दमटपणा, कपाटातल्या कॅसेटला बुरशी धरणारच. पांढरी दिसणारी कॅसेट तशीच डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. त्या आजच वेगळ्या पिशवीत काढा.

आधी सुकवायच्या. हवाबंद डब्यात सिलिका जेल (निळं नको, त्यातलं कोबाल्ट घातक, नारिंगी रंगाचं घ्या) आणि कॅसेट, डबीतून बाहेर काढून, चार-पाच दिवस. बलकांवात (ओसरीवर) उन्हात वाळत घालायचा मोह टाळा. खोकं (टेपभोवतीचं प्लॅस्टिक) वाकतं आणि उष्णतेने प्रिंट-थ्रू वाढतो, म्हणजे टेपच्या एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो.

सुकल्यावर बुरशी भुकटीसारखी सुटते. काम घराबाहेर, नाकावर एन-९५ मास्क. पाच स्क्रूचं खोकं असेल तर उघडा, गुंडाळीच्या कडा मऊ कोरड्या ब्रशने झाडा आणि दोन्ही चकत्या चांगल्या रिकाम्या खोक्यात बसवा. मग एखाद्या टाकाऊ टेपरेकॉर्डरवर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. त्या टेपरेकॉर्डरचं हेड प्रत्येक कॅसेटनंतर पुसायचं. टेपवर ओलं काहीही लावू नका.

दिवज
वाचनखूण साठवली. रापणकार, खोकं स्क्रूचं नसेल, चिकटवलेलं असेल तर?

रापणकार
जोडावर पातळ सुरीची धार घालून कोपऱ्यापासून हळूहळू उकलायचं. खोकं बहुधा तुटतंच, तुटू द्या. नवं खोकं कुठल्याही फालतू कॅसेटचं चालतं, फक्त स्क्रूचं हवं. उघडताना कॅसेट टेबलावर आडवी ठेवा आणि आतले दोन पातळ प्लॅस्टिकचे कागद जपा. ते नसले तर टेप घासून अडकते. आतली प्रेशर पॅडही बघा, हेडच्या समोर धातूच्या पट्टीवर नमद्याचा छोटा चौकोन असतो. डिंक सुकून तो पडलेला असेल तर टेप हेडला नीट टेकत नाही, आवाज आत-बाहेर होतो आणि लोक डेकला दोष देतात.

दिवज
आता ऑडॅसिटीचा भाग माझ्याकडे.

सीडीच करायची आहे तर प्रोजेक्टचा दर ४४१०० हर्ट्झ ठेवा. ४८०००ला भरून मग उतरवण्यात काही मिळत नाही. चॅनल दोन. विंडोजमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या इंटरफेसच्या ‘एन्हान्समेंट’ बंद करा आणि सूचनांचे आवाज बंद करा, नाहीतर भजनाच्या मध्येच मेल आल्याची टिंग नोंदली जाते. ती पुढे काढता येत नाही.

लेव्हल: सगळ्यात जोरकस जागा आधी शोधा. घुमट-आरतीत ती घुमटाची थाप असते, गाण्यात बहुधा शेवटची द्रुत. तिथे मीटर उणे ६ ते उणे १२ डेसिबलच्या मध्ये यायला हवा. कॅसेटची स्वतःची खरखर उणे ५० च्या आसपास असते, त्यामुळे खाली जागा सोडल्याने काहीच जात नाही. शून्याला टेकलं तर मात्र थाप सपाट झाली, ती परत गोल होत नाही. यूसीए २०२ ला लेव्हलचं बटण नाही, त्यामुळे डेकचा लाइन-आउट जोरात असेल तर मध्ये साधा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण) लावावा लागतो.

एक बाजू म्हणजे एक फाइल. सुरुवातीला टेप न फिरवता दहा सेकंद आणि शेवटी दहा सेकंद तशीच जाऊ द्या. मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवा आणि तिच्यावर कधीच कुठलाही इफेक्ट मारू नका. सगळी साफसफाई तिच्या प्रतीवर. ६० मिनिटांची कॅसेट १६ बिट वेव्हमध्ये सुमारे ६३५ एमबी, ९० मिनिटांची ९५० एमबी. फ्लॅकमध्ये साधारण निम्मी, आणि दर्जा तसूभरही कमी नाही.

तिसवाडी
खरखर काढायचं सांगायचं राहिलं.

दिवज
मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ऑडॅसिटीच्या ‘नॉइझ रिडक्शन’ला आधी नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो. सगळे लोक तो कॅसेटच्या अगदी सुरुवातीचा देतात. तिथे पारदर्शक लीडर असतो, त्याच्यावर चुंबकीय थरच नाही, म्हणजे त्यात डेकचा आवाज आहे पण टेपची खरखर नाही. नमुना दोन गाण्यांच्या मधल्या शांततेतून घ्या, अर्ध्या सेकंदाहून मोठा. आणि १२ डेसिबलपर्यंत नेऊ नका, ६ ते ९ पुष्कळ. त्याच्या वर गेलात की झांज पाण्याखाली वाजल्यासारखी होते.

अंत्रुजी
मी तर म्हणेन देवळातल्या भजनाला आणि घुमट-आरतीला हा इफेक्ट लावूच नका. कांसाळ्याचा आवाज आणि टेपची खरखर एकाच पट्ट्यात असतात, एक काढताना दुसरं जातंच. कानाला खरखरीची सवय दोन मिनिटांत होते, पाण्याखालच्या झांजेची होत नाही.

त्यापेक्षा फुकटचा उपाय: भजन मोनो टेपरेकॉर्डरवर भरलेलं असेल तर दोन्ही चॅनलमध्ये गाणं एकच असतं, खरखर मात्र वेगवेगळी. दोन्ही मिसळून मोनो केलं की खरखर गाण्याच्या तुलनेत ३ डेसिबलने खाली जाते, आणि गाण्याचं काहीच बिघडत नाही. पण घुमट बाबांनी सांगितलेला अझिमथ आधी जुळलेला हवा, नाहीतर मिसळताना वरचे सूर जातील.

बार्देशकर
+१. आणि डॉल्बीचं कोणी बोललं नाही. इनलेवर (डबीतल्या छापील कागदावर) डबल-डीचं चिन्ह आणि ‘डॉल्बी बी’ लिहिलं असेल तरच डेकवर ते बटण लावा. तसं न भरलेल्या कॅसेटला लावलं तर वरचे सूर दबतात. उलट, डॉल्बी बीने भरलेली कॅसेट बटण न लावता घेतली तर जरा खणखणीत वाजते, आणि काहींना तेच आवडतं. घरी भरलेल्या कॅसेटवर लिहिलेलं नसेल तर दोन्ही प्रकारे ऐका. शांत जागेत खरखर वर-खाली हलते आहे असं वाटलं तर बटण चुकीचं. डॉल्बीचं उलगडणं वरच्या सुरांच्या पातळीवर अवलंबून असतं, म्हणून तेही अझिमथ जुळवल्यानंतरच.

सोलकढी
या धाग्यात सगळ्या वाटा शेवटी अझिमथाकडे जातात. कॅसेट नसलेल्यांनीही आपापला अझिमथ तपासून घ्यावा.

तिसवाडी
वेगाचं काय? घरगुती टेपांचा वेग बरेचदा चुकलेला असतो.

दिवज
प्रमाण वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. काळी एकमध्ये गायलेलं भजन पांढरी दोनच्या जवळ जातं. ते दुरुस्त करायला ऑडॅसिटीत वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा इफेक्ट वापरा. नुसता सूर किंवा नुसती लय बदलणारा वापरलात तर नको ते फेरफार होतात.

किती बदलायचं हे शोधायचा एक मार्ग विजेच्या गुणगुणीचा. मेन्सवर चालणाऱ्या यंत्रावर भरलेल्या टेपमध्ये ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण शिरलेली असते. ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ घ्या, साइझ ६५५३६. १०० च्या जागी १०३ ला शिखर दिसलं तर टेप ३ टक्के जलद वाजते आहे.

बार्देशकर
हे कागदावर छान. पण १९८० आणि ९० च्या दशकात आपल्या ग्रिडची वारंवारता ५० वर बसलेली नसायची, संध्याकाळी भार वाढला की ४८.५ पर्यंतही घसरायची. म्हणजे तुमच्या मोजपट्टीतच ३ टक्क्यांची चूक. शिवाय वाजवणाऱ्या डेकची स्वतःची गुणगुण नेमकी ५०-१०० ला बसते, ती वेगळी ओळखता यायला हवी.

दिवज
दुसरा मुद्दा सोपा: टेप थांबवून रेकॉर्ड केलेले दहा सेकंद (म्हणूनच वर सांगितलं होतं) घेऊन त्याचं स्पेक्ट्रम बघा, तिथे दिसतं ते डेकचं. पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर. म्हणून गुणगुणीवरून फक्त ढोबळ अंदाज, पुढे कानाने. भजनात पेटी असेल आणि तीच पेटी अजून देवळात असेल तर तिच्या सुराशी जुळवा, याहून चांगलं माप नाही. पण सगळ्याच टेपा एकाच प्रमाणात चुकलेल्या असतील तर डेकच्या मोटारीच्या मागच्या भोकातला छोटा पॉट ३००० किंवा ३१५० हर्ट्झच्या टेस्ट कॅसेटवर एकदा लावा, म्हणजे सॉफ्टवेअरची गरजच नाही.

रापणकार
गुणगुणीवरून आठवलं: पावसात वीज गेली आणि इन्व्हर्टरवर काम सुरू ठेवलं तर रेकॉर्डिंगमध्ये भुणभुण येते. साधा स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर असेल तर टाळा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही तसाच, रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद. आणि लॅपटॉप चार्जरला लावल्यावर गुणगुण येत असेल तर बॅटरीवर चालवा. ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून गुणगुण आणणारा वळसा) तुटतो, दुसरं काही करावं लागत नाही.

कुळागर
सगळ्यांना देव बरें करूं. इंटरफेस मागवला. बुरशीवाल्या कॅसेट वेगळ्या पिशवीत गेल्या, मोटारीच्या पॉटला तूर्त हात लावत नाही. पण ९० मिनिटं एका सीडीत मावतात का, हे अजून कोणी सांगितलं नाही!

तिसवाडी
नाही मावत. ऑडिओ सीडीत ७४ किंवा ८० मिनिटं, बस. ९० ची कॅसेट म्हणजे बाजू अ एक सीडी, बाजू ब दुसरी. ६० ची एका सीडीत बसते; काही ६०च्या टेपा एका बाजूला ३१-३२ मिनिटंही भरतात, तरी चालतं.

पण खरं विचाराल तर सीडी कशाला? नवीन गाड्यांत प्लेअर नाही, नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नाही. एमपी३ करून पेनड्राइव्हवर द्या.

अंत्रुजी
धाग्यात लिहिलं आहे की घरातल्यांना सीडी हवी. ज्यांच्याकडे प्लेअर आहे आणि ज्यांना झाकण उघडून तबकडी ठेवायची सवय आहे, त्यांना पेनड्राइव्ह देऊन काय उपयोग? सीडी ऐकण्यासाठी, जपण्यासाठी फ्लॅकच्या फाइली. ही दोन कामं वेगळी आहेत. फाइली दोन ठिकाणी, त्यातलं एक घराबाहेर.

सीडी लिहिताना:
डेटा सीडी नव्हे, ‘ऑडिओ सीडी’ निवडा, नाहीतर जुना प्लेअर वाजवणार नाही. तबकडी सीडी-आर घ्या, पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू बऱ्याच जुन्या प्लेअरना वाचता येत नाही. लेखनाची पद्धत डिस्क-अ‍ॅट-वन्स (अख्खी तबकडी एका दमात), वेग ८ ते १६ पट. भजन अखंड चालतं, त्यामुळे दोन ट्रॅकमधली आपोआप येणारी २ सेकंदांची शांतता शून्य करा. विंडोजवर इमगबर्न क्यू फाइलवरून (ट्रॅकच्या जागांच्या यादीवरून) हे व्यवस्थित करतो, लिनक्सवर के३बी.

ट्रॅक तोडताना ऑडॅसिटीत सीडीच्या फ्रेमवर स्नॅप लावा. एका सेकंदात ७५ फ्रेम असतात. अधेमध्ये कापलं तर उरलेली फ्रेम शांततेने भरली जाते आणि दोन अभंगांच्या सांध्यावर बारीक टिक ऐकू येते. गाण्यांच्या जागा वाजवता वाजवता कंट्रोल-एम दाबून खुणा करा, मग एकाच वेळी सगळ्या खुणांवरून वेगळ्या फाइली निघतात.

सीडीवर कागदी लेबल चिकटवू नका. आपल्या हवेत ते फुगतं, तबकडीचा तोल जातो, पुढे वरचा थरही सोलतो. पाण्याच्या शाईचा मार्कर, तोही आतल्या पारदर्शक कड्यावर.

तिसवाडी
जपण्याचं आणि ऐकण्याचं वेगळं, हे पटलं. गाडीत ऐकणारे कोणी असतील तर पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करून फाइलींची नावं रोमन अक्षरांत द्या. बरेच कार स्टिरिओ देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात.

सोलकढी
आमच्या गाडीत सगळ्याच गाण्यांचं नाव ‘ट्रॅक ०१’ आहे. कोणाची तक्रार नाही.

घुमट
तक्रार वीस वर्षांनी येते. कुळागर, घरच्या कॅसेटच्या फाइलींत गायकाबरोबर पेटी आणि पखवाज कोणाचा, कुठलं देऊळ, कुठला उत्सव आणि साल, हेही लिहा. इनलेवर मागे पेन्सिलीने खरडलेलं असतं, त्याचं ३०० डीपीआयने स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आवाज ओळखणारी माणसं घरात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून लिहून घ्या.

बार्देशकर
अवांतर, पण कामाचं: छापील कॅसेट आधी शोधून बघा. नाट्यसंगीत आणि लोर्नाची बरीच गाणी डिजिटल स्वरूपात निघालेली आहेत. मास्टर टेपवरून आलेली प्रत तुमच्या कॅसेटपेक्षा नेहमीच चांगली, तिथे वेळ घालवू नका. बाजारातून गायब झालेले तियात्र तेवढे घ्या. आणि ते स्वतःसाठी ठेवा, यूट्यूबवर टाकू नका. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो.

कुळागर
हे डोक्यात आलंच नव्हतं, ढीग एकदम हलका झाला. शेवटचं विचारते. आजीच्या ओव्यांची कॅसेट अगदी सुरुवातीलाच तुटली आहे, टेप चकतीत आत गेली आहे. आणि एक दुसरी वाजताना किंचाळते.

रापणकार
सुरुवातीला तुटते ती बहुतेक लीडर आणि टेपच्या जोडावर, म्हणजे आवाज शाबूत असतो. खोकं उघडा. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापा, ४५ अंशांत, नवं ब्लेड, चुंबक नसलेलं. मग टोकाला टोक भिडवून, एकमेकांवर न चढवता, मागच्या बाजूने (हेडला न लागणाऱ्या, गुंडाळीत ती बाहेरची नव्हे तर आतली बाजू) स्प्लाइसिंग टेपचा तुकडा लावा. ती ३.८१ मिलिमीटर रुंदीचीच घ्या. साधी सेलोटेप अजिबात नको, तिचा गोंद काही महिन्यांत बाहेर ओघळतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो.

किंचाळणाऱ्या कॅसेटचं दुखणं बहुधा खोक्यात असतं: आतले कागद वाकलेले, किंवा गुंडाळी घट्ट. आधी दोन्ही टोकांपर्यंत एकदा पुढे-मागे फिरवा, मग चांगल्या खोक्यात बसवा. तरी किंचाळली आणि हेडवर चिकट राप धरत असेल तर टेपचा थरच सुटतो आहे. तिथेच थांबा, पुन्हा पुन्हा वाजवू नका. ओव्हनमध्ये टेप भाजायच्या कृती इंटरनेटवर दिसतील, त्या ठराविक जातीच्या रीळ टेपांसाठी आहेत, घरच्या ओव्हनात कॅसेटवर करून बघायच्या नाहीत.

घुमट
आणि ओव्यांच्या कॅसेटचे मागचे दोन्ही टॅब (मोडले की कॅसेटवर पुन्हा भरता येत नाही) मोडले आहेत ना, तेवढं बघा. डबल डेकवर प्लेच्या शेजारीच रेकॉर्डचं बटण असतं.

कुळागर
एक मोडलेला होता. दुसरा आत्ता मोडला.